विश्लेषण : योनीमार्गातील जिवाणूंचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध काय?

‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावात बाई आशाताईच्या कानात सांगते, नाही तर सांगतच नाही. मग मनात भीती घर करते : कर्करोग तर नसेल?

जिवाणू म्हणजे आजार का?

नाही. निरोगी योनीमार्गात बहुधा लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचे राज्य असते. दह्याच्या विरजणातील जिवाणूंचे हे नातलग. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे सामू ४.५ च्या खाली राहतो आणि घातक जंतूंना थारा मिळत नाही. वास व खाज नसलेला थोडा पांढरट स्राव नैसर्गिकच असतो.

तोल बिघडला तर?

हे जिवाणू घटले की इतर जिवाणू माजतात. राखाडी, पातळ स्राव आणि माशासारखा वास येतो. योनीमार्ग आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुतल्यास त्रास वाढू शकतो. औषधाने तो बरा होतो.

मग कर्करोग कशाने होतो?

मुख्यतः एचपीव्ही विषाणूने. हा संसर्ग बहुतेकींमध्ये दोनेक वर्षांत आपोआप जातो. रेंगाळला, तर काही जणींमध्ये पुढे कर्करोग होतो. लॅक्टोबॅसिलस कमी असलेल्या स्त्रियांत तो जास्त रेंगाळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, यावर संशोधन सुरू आहे. म्हणजेच पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे.

मराठवाड्याचा अनुभव काय?

उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ मध्ये आले. एकदाच एचपीव्ही चाचणीची सोय मिळालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईतील वस्त्यांत दर दोन वर्षांनी केलेल्या व्हिनेगर तपासणीनेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

काय करावे?

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणीची तरतूद आहे. पाळी गेल्यावर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त गेल्यास डॉक्टरांना लगेच दाखवावे. पण रक्त जाण्याची वाट पाहू नये. उस्मानाबादेत तपासणीला आलेल्या बायकाही निरोगीच होत्या. वेळेत तपासल्यामुळेच अनेकींचा जीव वाचला.