मुद्रा कर्ज थकलंय? 'लीगल सेटलमेंट'ची फी भरण्याआधी हे वाचा

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाने एक स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं फ्लेक्स प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे, मशीन मुद्रा योजनेच्या किशोर गटातून घेतलेलं आणि पाच हप्ते थकलेले. स्क्रीनशॉटमध्ये सोशल मीडियावरची एक जाहिरात होती. काळा कोट घातलेला माणूस, मागे तराजू आणि मोठ्या अक्षरात 'सरकारी कर्ज ७० टक्क्यांपर्यंत माफ, तेही कायदेशीर मार्गाने'. नोंदणी फी ९,९९९ रुपये, युपीआयने भरायची. खाली भावाचा प्रश्न: "दादा, भरू का?"

मी वकील नाही, ॲप आणि पोर्टलबद्दल लिहिणारा माणूस आहे. पण या प्रकरणात ॲप, पोर्टल आणि कायदा एकमेकांत असे गुंतलेत की नियम वाचून काढले आणि ओळखीच्या वकील मॅडमना दोन तास पिडलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गैरसमज. भावाचं म्हणणं होतं, "कर्जाला सरकारची गॅरंटी आहे ना, मग बँकेला पैसे सरकार देईल." अर्धं बरोबर आहे. मुद्रा कर्जांसाठी सूक्ष्म उद्योगांचा पतहमी निधी आहे आणि इतर लघुउद्योग कर्जांसाठी २००० साली केंद्र सरकार आणि सिडबीने उभा केलेला सीजीटीएमएसई हा ट्रस्ट आहे. कर्ज बुडालं तर योजनेच्या नियमांप्रमाणे नुकसानीचा काही भाग बँकेला मिळतो. पण ही हमी बँकेसाठी असते, तुमच्यासाठी नाही. हमीची फी तुमच्याकडून वसूल केली असली तरी तो तुमचा विमा होत नाही. क्लेमचे पैसे मिळाल्यावरही बँकेला वसुली चालू ठेवावी लागते आणि सीजीटीएमएसईच्या बाबतीत पुढे आलेल्या पैशातला वाटा ट्रस्टला परत द्यावा लागतो. म्हणजे तुमच्या डोक्यावरचं कर्ज एक रुपयानेही कमी झालेलं नसतं. 'सरकारी कर्ज माफ' हे वाक्य इथेच खोटं पडतं.

आता ती जाहिरात. मॅडम हसल्याच. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं, म्हणजे 'जेवढे वाचतील त्याचे इतके टक्के', हेसुद्धा वकिलाला चालत नाही. त्यामुळे काळ्या कोटाचा फोटो लावून टक्केवारी मागणारी कंपनी ही वकिलाचं ऑफिस नसते, ती मध्यस्थ असते. सगळे मध्यस्थ ठग असतात असं मी म्हणत नाही. पण त्यांची नेहमीची पद्धत बघा: 'हप्ते भरणं बंद करा, बँकेचे फोन उचलू नका, आम्ही बोलतो.' त्या काळात व्याज चढत राहतं, क्रेडिट रिपोर्ट खराब होतो आणि बँकेने पाठवलेली नोटीस तुम्ही न वाचताच कपाटात जाते. कुणी वकील म्हणून समोर आलाच तर सनद क्रमांक विचारा आणि राज्याच्या बार कौन्सिलकडे खात्री करा. ओटीपी, नेट बँकिंगचा पासवर्ड किंवा कोऱ्या कागदावर सही मागितली तर तिथेच विषय संपवा.

मग करायचं काय? भावाला मी आधी फोनवरूनच दोन गोष्टी करायला लावल्या. पहिली, क्रेडिट रिपोर्ट. सिबिलसह चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बँकेने खातं कसं नोंदवलंय आणि थकबाकी किती दाखवलीय, ते त्यात दिसतं. दुसरी, ईकोर्ट्स सर्व्हिसेस ॲप. जिल्हा निवडून आपल्या नावाने शोधलं की दावा दाखल झालाय का ते कळतं. नावाच्या स्पेलिंगमध्ये घोळ असतो, दोन-तीन प्रकारे टाकून बघा. २० लाख किंवा जास्त रकमेची वसुली कर्जवसुली न्यायाधिकरणात जाते, त्याखालची दिवाणी कोर्टात. त्यामुळे मुद्रावाल्यांना बहुतेक वेळा ईकोर्ट्सच बघावं लागतं.

हप्ता थकून ९० दिवस झाले की खातं एनपीए होतं. तुमचे अजून ९० दिवस भरले नसतील आणि धंदा चालू असेल, तर सेटलमेंटचा विचारच करू नका. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये २५ कोटींपर्यंतची कर्जं असलेल्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी पुनरुज्जीवनाची चौकट आखून दिली आहे. 'मला अडचण आहे, हप्ते बांधून द्या' असा लेखी अर्ज उद्योजक स्वतः करू शकतो. उद्यम नोंदणीचा कागद सोबत जोडा. अर्ज न करता नंतर 'बँकेने संधीच दिली नाही' म्हणणं कोर्टात टिकवणं अवघड जातं.

भावाची ती वेळ निघून गेली होती. म्हणून एकरकमी तडजोड, ज्याला सगळे ओटीएस म्हणतात. त्यासाठी एजंट लागत नाही, शाखेत अर्ज द्यायचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकानुसार प्रत्येक बँकेकडे संचालक मंडळाने मंजूर केलेलं तडजोडीचं धोरण असायला हवं. अर्थात तडजोड हा तुमचा हक्क नाही, बँक नाही म्हणू शकते. मान्य झालेली रक्कम फेडायला तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदत घेतली तर ते प्रकरण पुनर्रचना म्हणून धरलं जातं. कोर्टात दावा चालू असेल तर तडजोडीवर कोर्टाचा संमती हुकूम घ्यावा लागतो. आणि शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत तडजोडीनंतर किमान १२ महिने ती बँक नवं कर्ज देत नाही. रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' लागतं, ते वेगळंच. दुसरी बँक ते वाचतेच.

वकिलावर पैसे खर्च करायचे तर इथे करा: अर्ज देण्याआधी आणि बँकेचं मंजुरीपत्र आल्यावर. अर्जात 'मी इतके देणं लागतो' असं लिहून सही केली की ती कर्जाची लेखी कबुली ठरू शकते आणि मुदत संपण्याआधी दिलेल्या कबुलीने वसुलीच्या दाव्याची मुदत नव्याने सुरू होते. हे मला माहीतच नव्हतं. मंजुरीपत्रात एकूण रक्कम, शेवटची तारीख, उरलेल्या रकमेवरचा दावा सोडल्याचा स्पष्ट उल्लेख, दावा मागे घेणं, चेक परत देणं आणि मशीनवरचा बोजा उतरवणं हे सगळं हवं. मॅनेजर तोंडी म्हणाले, "भरा हो, बघू नंतर," तर भरू नका.

चेक बाउन्सची नोटीस आली असेल तर मात्र थांबायला वेळ नाही. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर फौजदारी तक्रार होऊ शकते. ऑटो-डेबिटचा हप्ता परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्यात तशीच तरतूद आहे. त्याच दिवशी वकील गाठा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग अर्जदार, तसंच ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे कर्ज बायकोच्या नावावर असेल तर हे नक्की लक्षात घ्या. तिथूनच लोकअदालतीतही जाता येतं, दावा दाखल झालेला नसला तरी. बँका तिथे तडजोडीच्या तयारीने येतात. पण सही करण्याआधी जपून: लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. जेवढं जमेल तेवढंच कबूल करा, कारण चुकलात तर बँक थेट अंमलबजावणीला जाते.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असतील, शिवीगाळ करत असतील, तर कॉल रेकॉर्ड ठेवा. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर. फी नाही. आणि गंमत म्हणजे तिथे वकिलामार्फत तक्रार चालतच नाही, स्वतः किंवा वकील नसलेल्या अधिकृत प्रतिनिधीमार्फत करावी लागते.

भावाने ९,९९९ भरले नाहीत. त्यातले काही मॅडमना दिले, त्यांनी अर्ज तपासून दोन वाक्यं खोडली. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का घेतलाय, स्कॅन करून स्वतःलाच ईमेल केलाय. बँकेचं उत्तर अजून आलेलं नाही.