शिव्या बंद, मन मोकळं!

अंडरग्राउंड हिप-हॉप म्हणजे शिव्या आणि आरडाओरडा, असं वाटतंय? मग लॉस एंजेलिसच्या ‘गुड लाइफ कॅफे’त चला. दुकान पौष्टिक खाण्याचं. १९८९ च्या अखेरीस इथे गुरुवार रात्रीचा ओपन माइक सुरू झाला. नियम कडक: माइकवर शिवी चालणार नाही. रॅप रटाळ झाला, तर सगळा कॅफे एका सुरात ओरडायचा, ‘प्लीज पास द माइक!’ न्यूयॉर्कचा रॅपर फॅट जो यालाही हे ऐकावं लागलं. ‘जुरासिक ५’ हा गट जुळला तो इथल्याच मंडळींतून. पुढे ‘सेल्मा’ हा चित्रपट दिग्दर्शित करणारी एवा डुव्हर्ने इथे रॅप करायची. २००८ मध्ये तिने या कॅफेवर माहितीपटही केला.

१९९४ मध्ये हीच मंडळी शहरातल्याच लाइमर्ट पार्कात ‘प्रोजेक्ट ब्लोड’ नावाने जमू लागली आणि त्याच नावाचा सामायिक अल्बम आला. मला अशा संकलनांचं वेड आहे ते यासाठीच. एकट्याच्या अल्बममध्ये एक माणूस भेटतो, इथे अख्खा कट्टा भेटतो. वाट्याला तीन-चार मिनिटंच येतात, त्यामुळे जो तो मनात सलणारी गोष्ट आधी बोलून टाकतो.

न्यूयॉर्कची गंमत वेगळी. ‘साउंडबॉम्बिंग’ ही संकलनांची गाजलेली मालिका काढणाऱ्या छोट्याशा ‘रॉकस’ कंपनीमागे पैसा होता जेम्स मरडॉकचा, म्हणजे माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉकच्या मुलाचा! १९९९ च्या दुसऱ्या भागात रॅपर मॉस डेफ आहे आणि चक्क एमिनेमही.

आणि टोकियो? तिथला बीट बनवणारा नुजाबेस शिबुया भागात रेकॉर्डचं दुकान चालवायचा. खरं नाव जुन सेबा. रोमन लिपीत आडनाव आधी लिहून उलटं वाचा, नुजाबेस तयार. डेट्रॉइटचा बीट बनवणारा जे डिला आणि तो जन्मले एकाच दिवशी, ७ फेब्रुवारी १९७४ ला. दोघांच्याही बीट्समध्ये जॅझची ऊब आहे. नुजाबेसच्या २००३ च्या ‘हाइडआउट प्रॉडक्शन्स’ संकलनात बीट जपानी, रॅप बहुतेक इंग्रजी. शब्द निसटले तरी बोलणाऱ्याच्या मनाचा कल कळतो. मी नवख्याच्या हाती आधी हाच अल्बम देईन.

‘साउंडबॉम्बिंग’ मात्र शफल बंद करूनच ऐका. पहिला भाग डीजे ईव्हिल डीने सलग मिक्स केलाय, क्रम मोडला तर अर्धी मजा गेली.