आधी ऊब, मग दूध

भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना, हे आपल्याकडे खेड्यात कुणाला सांगावं लागत नाही. कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. त्यामुळे ऐन दिवाळीच्या आगेमागे आणि पुढे थंडीभर रस्त्यावरच्या कुत्र्या वितात. जिन्याखाली, बांधकामाच्या वाळूवर, बंद टपरीच्या फळीखाली, महिनोन् महिने न हललेल्या गाडीच्या आडोशाला पिल्लं दिसू लागतात. याच दिवसांत फटाके वाजतात, रात्री गार होऊ लागतात आणि प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पुठ्ठ्याचे खोके घेऊन माणसं येऊ लागतात. खोक्यात डोळे मिटलेली पिल्लं असतात. आणणारा काकुळतीने सांगतो, “सकाळपासून दूध पाजतोय, पण घेतच नाहीत.”

आई नसलेल्या पिल्लाला सगळ्यात आधी दूध हवं, असं आपल्याला वाटतं. ते वाटणं मायेचं आहे, पण चुकीचं आहे. त्याला आधी ऊब हवी. गारठलेल्या पिल्लाला पाजलेलं दूध त्याला वाचवत नाही. बऱ्याचदा तेच दूध त्याचा जीव घेतं.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. आई खरंच नाही का?

व्यालेली कुत्री दिवसभर पिल्लांना कवटाळून बसत नाही. रस्त्यावर पोट भरायचं तर चार ठिकाणी फिरावं लागतं. जागा धोक्याची वाटली तर ती पिल्लं हलवते, तीही एकेक करून, तोंडात धरून. मधल्या वेळात एखादंच पिल्लू एकटं पडलेलं दिसतं. फटाक्यांनी बिथरून ती लांब पळालेली असू शकते आणि गल्ली शांत झाल्यावर मध्यरात्री परतते. कधी नसबंदीच्या गाडीने तिला उचललेलं असतं. शस्त्रक्रियेनंतर कुत्रं जिथून पकडलं तिथेच परत सोडायचं, हा नियम २००१ पासून आहे आणि प्राणी जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांतही तो कायम आहे. म्हणून आसपासच्या नसबंदी केंद्रात चौकशी करून पाहावी, तिला दूध असल्याचं सांगावं.

आमच्या वसाहतीच्या मागच्या भिंतीलगत एकदा पिल्लं केकाटत होती. मुलांनी खोका आणला, टॉवेल आणला, मीही त्यांच्यात होते. रात्रपाळीच्या वॉचमनकाकांनी आम्हाला थांबवलं. “ताई, आत्ताच हात नका लावू. पलीकडच्या खानावळीत भांडी घासायला काढली की ती जाते तिकडे. येईल.” आम्ही जिन्यात बसून राहिलो. ती आली. आम्हाला पाहून क्षणभर थबकली, मग भिंतीच्या कडेकडेने आत शिरली आणि आडवी झाली. केकाटणं बंद झालं. त्या गृहस्थांना तिची वेळ ठाऊक होती, कारण ते रोज पाहत होते. पिल्लं सापडली की पहिली चौकशी अशा माणसाकडे करावी.

पिल्लं उबदार असतील, पोटं गरगरीत असतील, एकमेकांवर निवांत झोपली असतील तर आई नुकतीच येऊन गेली आहे. अशा वेळी लांबून दोन-तीन तास लक्ष ठेवावं, फार तर आडोसा करावा. जवळ गर्दी असली तर ती येणारच नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज मात्र सोडून द्यावा. वस्तीत वाढलेल्या कुत्रीला माणसाचा वास नवा नसतो. आणि पिल्लं गार लागत असतील, पोटं खपाटीला गेली असतील, अंगावर मुंग्या किंवा माश्या असतील, तर वाट पाहण्यात वेळ घालवू नये.

आयसर कोलकात्याच्या अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या ९५ विणींचा पाठपुरावा केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३६४ पिल्लांपैकी फक्त १९ टक्के पिल्लं सात महिन्यांची, म्हणजे वयात येण्याइतकी, झाली. मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंना माणूस या ना त्या प्रकारे कारणीभूत होता. हे आकडे वाचल्यावर पिल्लू उचलून घरी न्यावंसं वाटतं, हे मी समजू शकते. पण आई असताना तिच्यापासून तोडलेलं पिल्लू, कितीही प्रेमाने नेलं तरी, त्याच संकटात ढकललेलं असतं.

आता खरंच पोरकं असलेलं पिल्लू. जन्मतः त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. डोळे उघडतात दहा ते चौदा दिवसांनी, कान त्यानंतर थोड्याच दिवसांत. पहिल्या आठवड्यात त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही. अंगात उष्णता निर्माण करण्याची ही सोय नसल्याने आई आणि भावंडं यांच्या अंगाची ऊब हाच त्याचा आधार. मोठ्या कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं ३५ ते ३७. ते ३५ च्या खाली घसरलं की आतड्यांची हालचाल मंदावते, पुढे थांबते, चोखण्याची इच्छा जाते. अशा वेळी तोंडात ओतलेलं दूध पोटात तसंच साचून राहतं, आंबतं, उलटून श्वासनलिकेत जातं. नवजात पिल्लांचा जीव घेणारा कुत्र्यांमधला हर्पीस विषाणूही अशाच थंड पडलेल्या शरीरात जोमाने वाढतो.

गारठलेलं पिल्लू हातात घेतलं तर ओल्या फडक्यासारखं लोंबतं. तोंडात बोट घातलं तर जिभेला ऊब नसते. त्याला शर्टाच्या आत, पोटाशी धरावं. घाई करू नये. पूर्ण ऊब यायला तास-दोन तास, कधी तीनही लागतात. गरम पाण्यात बुडवणं किंवा हीटरसमोर धरणं यानं त्वचेकडचं रक्ताभिसरण एकदम वाढतं आणि पिल्लू कोसळतं. या वेळात साखरेच्या पाण्यात बुडवलेलं बोट हिरड्यांना चोळता येतं, कारण त्याच्या यकृतात साखरेचा साठा जवळजवळ नसतो. ओतायचं मात्र काहीही नाही. हळूहळू मागचा पाय हलतो, मग मान वळते, मग बोटाच्या टोकाला जीभ गुंडाळून ते ओढायला लागतं. ती ओढ जाणवली की दुधाची वेळ झाली.

खोक्याची व्यवस्था सोपी आहे, पण ती नीट करायला हवी. खोक्याच्या अर्ध्याच भागात ऊब द्यावी, म्हणजे गरम झालं तर पिल्लू सरपटत दुसरीकडे जाऊ शकतं. गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवावी आणि पाणी निवण्याआधी बदलावी, कारण निवलेली बाटली उलट पिल्लाची ऊब ओढून घेते. पूर्वी खोक्यावर बल्ब लावत असत. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. बल्ब लावायचा तर जुना पिवळाच हवा आणि हात लावून अंदाज घेता येईल इतका उंच. पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवती ३० अंशांच्या आसपास तापमान हवं, मग दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत न्यावं. पिल्लं एकाच ढिगात दाटली असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. लांब लांब पडून कुरकुरत असतील तर उकडतं आहे. झोपेत त्यांचे पाय, ओठ, कान सारखे फुरफुरतात. घाबरून जाऊ नये, ती निरोगी पिल्लाची झोप आहे. अगदी निश्चल झोपलेल्या पिल्लाकडेच आधी लक्ष द्यावं.

मग दूध. कुत्रीच्या दुधात साधारण ९ टक्के स्निग्धांश आणि ७ ते ८ टक्के प्रथिनं असतात. गाईच्या दुधात दोन्ही साडेतीन-चार टक्क्यांच्या घरात, आणि दुग्धशर्करा मात्र कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त. म्हणजे पिल्लाला हवं ते निम्मं आणि नको ते जास्त. “एवढासा जीव, पचायचं नाही” म्हणून आपण त्यात पाणी घालतो आणि होतं नव्हतं तेही काढून घेतो. मग जुलाब लागतात, आणि एवढ्याशा पिल्लाच्या अंगातलं पाणी काही तासांत आटतं. शेळीचं दूध कुत्रीच्या दुधाच्या जवळचं असतं, ही समजूतही खरी नाही. पिल्लांसाठीची दुधाची पावडर प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते, ती आणावी. रात्री-बेरात्री काहीच मिळालं नाही तर पाणी न घातलेल्या दुधात अंड्याचा पिवळा बलक फेटून एखादा दिवस निभावता येतो. पांढरा भाग घालू नये; कच्च्या पांढऱ्यातलं एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू देत नाही.

पाजण्याची पद्धत दुधाइतकीच महत्त्वाची. तान्ह्या मुलाला मांडीवर उताणं घेऊन बोंडल्याने पाजायची सवय आपल्या हातात पिढ्यान् पिढ्या आहे. पिल्लाला तसं उताणं कधीही घेऊ नये. ते आईला पितं तसंच पालथं, पोटावर, मान किंचित वर अशा स्थितीत पाजावं. बोंडलं, चमचा, ड्रॉपर यांनी ओतलेलं दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. कापसाची वात चोखायला देण्यानं पोट भरत नाही आणि वात गिळली जाण्याचा धोका असतो. पिल्लांची छोटी बाटली घ्यावी. उलटी धरल्यावर बुचातून दूध थेंब थेंब यावं, धार लागू नये. दूध मनगटावर कोमट लागेल इतकं. नाकातून दूध आलं तर लगेच थांबावं, डोकं खाली करून नाक पुसावं आणि त्यानंतर श्वास घरघरला तर डॉक्टर गाठावा.

किती पाजायचं याचा हिशोब वजनावर. पहिल्या आठवड्यात दर १०० ग्रॅम वजनाला दिवसाला सुमारे २० मिलिलिटर. ३०० ग्रॅमचं पिल्लू असेल तर दिवसभरात ६० मिलिलिटर, आठ वेळांत वाटलं तर एका वेळी सात-आठ. पोटच एवढंसं असतं. रात्री दर दोन-तीन तासांनी उठावं लागतं, आणि हे एकट्याचं काम नाही. घरातल्या दोघा-तिघांनी पाळ्या लावून घ्याव्यात.

पाजून झाल्यावर जे करायचं ते बहुतेकांना ठाऊक नसतं. दोन-तीन आठवड्यांचं होईपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई जिभेने चाटते तेव्हा ती होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्या जागी हलकेच फिरवावा. प्रत्येक पाजण्याच्या वेळी, न चुकता. कापसावर येणारी लघवी जवळजवळ बिनरंगी असावी. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढून रोज एकाच वेळी वजन करावं आणि वहीत लिहावं. वजन रोज वाढायला हवं, आणि दहा-बारा दिवसांत जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. एक दिवस ते जागच्या जागी राहिलं तर तीच पहिली सूचना. डोळ्यांना पिल्लू ठीक दिसत असतं तेव्हाही काटा खरं सांगतो.

चीक आपल्याला खरवसामुळे माहीत आहे. कुत्रीच्या चिकाची पिल्लाला असलेली गरज त्याहून फार खोल आहे. रोगांशी लढणारी प्रतिपिंडं आईच्या पोटात असताना पिल्लाकडे फारच थोडी पोचतात. बहुतांश चिकातून मिळतात, आणि ती आतड्यातून रक्तात जाण्याची वाट साधारण पहिल्या २४ तासांत बंद होते. आईचा चीक न मिळालेलं पिल्लू म्हणूनच कितीही काळजी घेतली तरी दगावू शकतं. हात धुऊन मगच त्याला घ्यावं, बाहेरच्या कुत्र्यांपासून दूर ठेवावं, आणि लस केव्हा सुरू करायची ते त्याचा इतिहास सांगून डॉक्टरांना विचारावं. एरवी पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. जंतांचं औषध मात्र दोन आठवड्यांपासूनच लागतं, कारण गोलकृमी आईच्या पोटातच पिल्लात शिरतात. आई कशाने मेली ते माहीत नसेल तर स्वतःचीही काळजी घ्यावी. दात किंवा ओरखडा लागला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जावं. पिल्लू लहान आहे म्हणून ही गोष्ट पुढे ढकलू नये.

या सगळ्याहून चांगला एक मार्ग आहे: दूध असलेली दुसरी कुत्री. वस्तीतल्या कुत्र्यांमध्ये एकीची पिल्लं दुसरीला पिताना भद्र यांच्या गटाने नोंदवली आहेत. आजी झालेली कुत्रीही नातवंडांचं पाहते. आपल्या भागात नुकतीच व्यालेली, शांत स्वभावाची कुत्री असेल तर डॉक्टरांना विचारून, तिच्या पिल्लांना चोळलेलं फडकं पोरक्या पिल्लावर फिरवून, आपण समोर थांबून प्रयत्न करावा. ती गुरगुरली तर लगेच मागे घ्यावं.

तिसऱ्या आठवड्यानंतर दात दिसू लागतात, पिल्लू बशीतून चाटायला शिकतं आणि रात्रीचं उठणं कमी होतं. इथे अनेक जण सुटकेचा श्वास सोडतात, पण घडणीचा काळ आता सुरू होतो. अमेरिकेत बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं कुत्र्यांवर काम केलं. १९६५ च्या त्यांच्या ग्रंथाने तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचं महत्त्व जगापुढे ठेवलं. या काळात जे भेटतं ते पिल्लाला आपलं वाटतं. चावा किती जोराने घ्यायचा हे ते भावंडांशी खेळताना शिकतं, कारण जास्त लागलं की समोरचं पिल्लू किंचाळून खेळ थांबवतं. म्हणून भावंडं एकत्र ठेवावीत, चार नातेवाइकांत एकेक वाटून टाकू नयेत. एकटंच असेल तर त्याच वयाच्या दुसऱ्या निरोगी पिल्लांची सोबत शोधावी. दत्तक द्यायचं ते आठ आठवड्यांनंतर, घर पाहून, आणि पुढे नसबंदी करून घेण्याच्या कबुलीवर.

दिवाळीच्या चार दिवसांत बरेच दवाखाने आणि औषधांची दुकानं बंद असतात. रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना आपल्या भागात कोणता, आणि नसबंदी केंद्राचा फोन नंबर काय, हे वसूबारसेच्या आत विचारून घ्या आणि वसाहतीच्या फलकावर लिहून ठेवा.