पिंपळनेरचा भाव, पिंपळगावचा भाव
लेखमाला : बोलतं यंत्र – भाग ९

चॅटबॉटला प्रश्न नेमका कसा विचारायचा, हे मागच्या भागात पाहिलं. पण प्रश्न नेमका असला तरी एक अडचण उरतेच. ‘पिंपळनेरला आज उन्हाळ कांदा काय भावाने गेला?’ यापेक्षा नेमका प्रश्न कोणता असणार? तरीही नुसता बॉट इथे हमखास घसरतो.

त्याचं ज्ञान एका तारखेपर्यंतच्या मजकुरातून आलेलं असतं. आज सकाळचा लिलाव त्यात असणं शक्यच नाही. त्यात पुन्हा पिंपळनेरं किती! पांझरेकाठचं, साक्री तालुक्यातलं आपलं एक. पारनेर तालुक्यात संत निळोबारायांचं दुसरं. माढा तालुक्यात साखर कारखान्याचं तिसरं, बीडकडे आणखी एक. आणि कांद्याचं नाव काढलं की या सगळ्यांना मागे सारून नाशिक जिल्ह्यातलं पिंपळगाव बसवंत पुढे येतं, कारण बॉटने वाचलेल्या मजकुरात कांद्याशेजारी तेच नाव सारखं आलेलं असतं. त्यामुळे उत्तर मिळतं अगदी ठसक्यात, पण ते भलत्याच बाजाराचं आणि भलत्याच वर्षाचं.

यावर इलाज म्हणजे बॉटला जोडायची बाहेरची साधनं. त्यांचं काम कसं चालतं ते आधी समजून घेऊ, कारण ते कळलं की निवड सोपी होते. संभाषण सुरू होताना बॉटला साधनांची यादी दिली जाते. प्रत्येक साधनापुढे दोन ओळी असतात : हे काय करतं आणि त्याला कोणती माहिती द्यावी लागते. तुम्ही भाव विचारलात की बॉट त्या ओळी वाचून ठरवतो, की हे काम बाजारभावाच्या साधनाचं. मग तो ठरावीक नमुन्यात एक मागणी लिहितो : बाजार अमुक, माल कांदा, तारीख आजची. ती मागणी दुसराच एक प्रोग्राम चालवतो, मिळालेले आकडे परत बॉटपुढे ठेवतो आणि बॉट ते वाचून तुम्हाला मराठीत सांगतो. बॉट स्वतः कुठे जात नाही. यादी फार लांबली तर तो चुकीचं साधन उचलतो, शिवाय त्या वर्णनांनीच त्याची वाचनाची जागा अडते. म्हणून पंचवीस साधनं जोडून ठेवण्यात काही शहाणपण नाही. दोन-तीन पुरतात.

ही सोय लोकांसमोर आली ती मार्च २०२३ मध्ये, चॅटजीपीटीच्या ‘प्लगइन’च्या रूपाने. गणितासाठी वुल्फ्राम आणि प्रवासासाठी एक्सपीडिया ही पहिल्या खेपेतली नावं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ते दुकान बंदही झालं. तोवर ‘जीपीटी’ नावाचे खास कामाचे बॉट आले होते. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचं दालन उघडलं तेव्हा लोकांनी असे ३० लाखांहून जास्त बॉट बनवल्याचं चॅटजीपीटीच्या ओपनएआय कंपनीने सांगितलं. यातले बरेचसे म्हणजे नुसती लिहून ठेवलेली सूचना, मागे साधन काहीच नाही. खरा फरक पडला नोव्हेंबर २०२४ मध्ये. क्लॉड हा बॉट बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने ‘एमसीपी’ नावाची जोडणीची खुली पद्धत मांडली आणि काही महिन्यांत ओपनएआयनेही ती उचलली. त्यामुळे एकदा बनवलेलं साधन वेगवेगळ्या बॉटना जोडता येऊ लागलं. आज ही साधनं शोधायची तर बॉटच्या सेटिंग्जमध्ये जायचं. चॅटजीपीटीत ती ‘ॲप्स’ म्हणून दिसतात, क्लॉडमध्ये ‘कनेक्टर’, जेमिनीत ‘कनेक्टेड ॲप्स’. ही नावं बदलत राहतात, ती पाठ करायच्या भानगडीत पडू नका. जेमिनीत प्रश्नाच्या आधी @ टाकून साधनाचं नाव लिहिलं की तेच वापरलं जातं. बाकी ठिकाणीही प्रश्नातच ‘ड्राइव्हमधल्या फाइलीत शोध’ असं स्पष्ट म्हटलेलं बरं.

पण शेतकऱ्याने या परदेशी दालनांपासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. केंद्राचा ‘किसान ई-मित्र’ सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम-किसानच्या लाभार्थ्यांसाठी आला. हप्ता कुठे अडला, यासारख्या प्रश्नांसाठी तो आहे. राज्याच्या कृषी विभागाचं ‘महाविस्तार-एआय’ हे ॲप २०२५ साली आलं. त्यात मराठीत प्रश्न विचारता येतात आणि हवामान, बाजारभाव, पीकसल्ला हे सगळं एकाच ठिकाणी आहे. इथे साधनं विभागाने आधीच निवडून जोडलेली, तुम्हाला हुडकायला नको. पैसेही लागत नाहीत.

तरी साधन जोडलं म्हणजे उत्तर बरोबरच, असं समजू नये. बाजारभावाचा मूळ झरा म्हणजे बाजार समित्यांनी केलेली नोंद. तीच पुण्याच्या कृषी पणन मंडळाकडे आणि केंद्राच्या ॲगमार्कनेटवर दिसते. पिंपळनेर हा साक्री बाजार समितीचा उपबाजार. त्या दिवशीची नोंद वेळेत चढली नसेल, किंवा साक्रीच्या नावाखाली चढली असेल, तर साधन रिकाम्या हाताने परत येतं. आणि रिकामं उत्तर पुढ्यात आलं की बॉटला गप्प बसवत नाही. तो शेजारच्या बाजाराचा आकडा उचलतो नाहीतर जुना सांगतो. म्हणून प्रश्नातच अट घालावी : ‘तारीख, बाजार, कांद्याची जात, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर सांग. आजची नोंद नसेल तर “नोंद नाही” एवढंच लिही.’ भाव ठरवताना बघायचा तो सर्वसाधारण दर. कमाल दर एखाद-दुसऱ्या वक्कलाचा असतो आणि किमान दर बहुधा गोल्टीचा. व्हॉट्सॲपवर फिरतो तो मात्र नेहमी कमालच!

हवामानाचंही तसंच. साधनाला ‘धुळे’ सांगितलंत तर उत्तर धुळ्याचं येईल. पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरपट्टा सुरू होतो, तिथला पाऊस आणि धुळे शहरातला पाऊस यांचा मेळ नसतो. गाव, तालुका, जिल्हा तिन्ही लिहा आणि उत्तरात बॉटने कोणतं ठिकाण धरलं ते तपासा.

आता जोडायचं काय आणि किती, यावर येऊ. आखाजीला सालदार ठेवताना त्याचं गाव विचारतो, आधी कुणाकडे होता ते विचारतो, आणि धान्याच्या खोलीची किल्ली पहिल्याच दिवशी हाती देत नाही. साधनाचं परवानगीचं पान वाचताना हेच करायचं. ते फक्त वाचणार आहे, की लिहिणार, पाठवणार, पुसणारही आहे? शेअर दलाली करणाऱ्या झिरोधाने २०२५ मध्ये आपल्या काइट खात्यासाठी एमसीपीचं साधन काढलं. बॉट तुमचे शेअर बघून नफा-तोटा समजावतो, पण कंपनी स्वतः चालवते त्या आवृत्तीत खरेदी-विक्रीची ऑर्डर देण्याची सोयच ठेवलेली नाही. मला हा हिशेब पटतो. दुसरीकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय, पेमेंट कंपनी रेझरपे आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीतून यूपीआयने पैसे देण्याचा प्रयोग जाहीर केला. ज्यांना घाई आहे त्यांनी तो करून पाहावा. मी थांबेन.

थांबण्याला कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘पोस्टमार्क-एमसीपी’ नावाचं ईमेल पाठवण्याचं एक साधन उघडं पडलं. नाव एका प्रसिद्ध ईमेल सेवेचं, पण बनवणारा कुणी तिसराच. त्याच्या पहिल्या पंधरा आवृत्त्या सरळ चालल्या. सोळावीत एकच ओळ घुसवली होती : पाठवलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत गुपचूप साधन बनवणाऱ्याकडे. म्हणजे आज चांगलं असलेलं साधन उद्याही तसंच राहील, याची हमी नाही. त्याआधी ऑगस्टमध्ये संशोधकांनी दाखवलं होतं, की कॅलेंडरच्या आमंत्रणात दडवलेल्या सूचना जेमिनी हुकूम समजून पाळतो. तेल अवीवमधल्या एका घरातले दिवे त्यांनी त्याच्याकरवी बंद करवले. बॉटच्या दृष्टीने तुमचा शब्द आणि बाहेरून आलेल्या मेलमधला शब्द, दोन्ही मजकूरच. म्हणून अनोळखी मेल वाचणारं, खासगी कागद बघणारं आणि बाहेर काही पाठवू शकणारं, अशी तिन्ही साधनं एकाच संभाषणात चालू ठेवू नयेत. दुकानदारांनी हे जास्त जपावं, कारण त्यांच्या एकाच जीमेलवर गिऱ्हाइकांची बिलंही असतात आणि बँकेची पत्रंही.

जोडलेलं साधन नको झालं, तर नुसतं बॉटच्या सेटिंग्जमधून काढू नका. गूगल खातं जोडलं असेल तर त्या खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन बाहेरच्या ॲप्सना दिलेल्या परवानग्यांची यादी उघडा आणि तिथूनही ती रद्द करा. त्या यादीत तुम्ही विसरलेले जुने खेळ आणि फोटो सजवणारी ॲप्सही सापडतील. तीही त्याच बैठकीत काढून टाका.

पुढच्या भागात : बॉटशी तोंडी बोलताना अहिराणीचं तो काय करतो?