नंबर लावून बसलेला मासा: क्लाउनफिशचं घर आणि घरातली रांग

आज फक्त एकाच माशाबद्दल बोलू या. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. ‘फाइंडिंग निमो’मुळे तो आता लहान मुलांनाही ठाऊक आहे.

समुद्रात माशाचा अभ्यास करायचा म्हणजे मोठी पंचाईत. आज दिसलेला मासा उद्या कुठे शोधणार? क्लाउनफिशचं तसं नाही. तो एका समुद्रफुलात, म्हणजे सी-ॲनिमोनमध्ये राहतो आणि ते सोडून फार लांब जात नाही. समुद्रफुलाच्या दंशाने इतर मासे मरतात, याला मात्र तिथे संरक्षण मिळतं. पट्ट्यांच्या ठेवणीवरून एकेक मासा ओळखताही येतो. म्हणजे काय, तर पत्ता कायम आणि चेहरा ओळखीचा!

आता घरात कोण असतं? सगळ्यांत मोठी मादी, दुसऱ्या नंबरला नर आणि त्यांच्याखाली उतरत्या क्रमाने लहान मासे. ही लहान मंडळी त्या जोडप्याची पिल्लं असतील असं आपल्याला वाटतं. पण अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि दीडेक आठवड्याने दुसरीकडे कुठेतरी वस्ती करतात. त्यामुळे घरात असतात ते बहुधा परकेच, नंबर लावून बसलेले!

मादी मेली की नराची मादी होते आणि तिसरा मासा नर होतो. हे फ्रिके दांपत्याने १९७७ साली मांडलं. खऱ्या समुद्रात निमोच्या बाबांची आई झाली असती, बरं का!

पापुआ न्यू गिनीत पीटर बस्टन यांनी या माशांची लांबी मोजली. खालचा मासा वरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात लहानच राहतो, हे त्यांनी २००३ साली दाखवलं. का? वरच्याच्या बरोबरीला आला, तर भांडण होणार, आणि हरलेला घराबाहेर. घराबाहेर म्हणजे दुसऱ्या माशाच्या तोंडात. म्हणून तो वाढ रोखून धरतो. जागा रिकामी झाली की वाढतो.

याच देशातल्या किंबे उपसागरात २०२३ साली समुद्र फार तापला. तेव्हा संशोधक १३४ क्लाउनफिश दर महिन्याला मोजत होते. सुमारे तीन चतुर्थांश मासे चक्क लांबीने आखूड झाले! आणि जे आखूड झाले, त्यांची जगण्याची शक्यता वाढली. जोडीने आखूड झालेल्यांची तर अधिकच.

प्रश्न (श्रोत्यांमधून): मग उष्णता वाढली तरी हा मासा तग धरेल ना?

उत्तर: मासा अंग आखडून घेईल, पण घराचं काय? पाणी तापलं की प्रवाळासारखं समुद्रफूलही पांढरं पडतं. त्याच्या अंगातलं शेवाळ निघून जातं, आणि बराच काळ तसंच राहिलं तर ते मरतं. घरच गेलं, तर पहिला नंबर काय आणि शेवटचा काय, सगळेच उघड्यावर. म्हणून नुसते मासे मोजून भागत नाही, घरंही मोजावी लागतात.