रेंडरला लावलेलं लग्न

खानदेशातल्या सावद्याच्या लग्नात व्हिडिओवाल्याला दोन दृश्यं जड जातात आणि दोन्ही टाळता येत नाहीत. एक, मंगलाष्टकांच्या शेवटी उडणाऱ्या अक्षता. दुसरं, प्री-वेडिंगसाठी ड्रोनने वरून टिपलेली केळीची बाग. टिपायला दोन्ही सोपी. अडचण येते ती मिक्सिंग संपवून फाइल बाहेर काढताना. नवरदेव सोफ्यावर बसून आहेर घेतो तोवर चित्र स्वच्छ असतं. अक्षता उडाल्या की तेच चित्र ‘फुटतं’: चेहऱ्यांवर चौकोन उमटतात, शालूच्या जरीचा गाळ होतो. मग गिऱ्हाईक विचारतं, “काय भो, कॅमेरा तर भारी आणला होता ना?” कॅमेऱ्याचा यात काही दोष नसतो.

फुल एचडी चित्राची एक चौकट म्हणजे 1920 गुणिले 1080, वीस लाखांहून जास्त ठिपके. सेकंदाला अशा 25 चौकटी. रंगातले बारकावे डोळ्याला उजेड-सावलीइतके कळत नाहीत, म्हणून रंगाची तीन चतुर्थांश माहिती आधीच वगळलेली असते. तरीही तासाभराचं कच्चं चित्रण 280 जीबीच्या घरात जातं. पेनड्राइव्हवर गिऱ्हाइकाच्या हाती पडते ती फाइल तासाला साडेतीन जीबीच्या आसपास. म्हणजे जवळपास ऐंशीतला एक हिस्सा ठेवायचा, बाकीचा टाकायचा, आणि टाकलेलं कुणाच्या लक्षात येऊ द्यायचं नाही.

हे काम करतो तो एनकोडर. लग्नाच्या धंद्यात अजून बोलबाला आहे तो एच.264चा. हे मानक 2003 सालचं. चित्राचे 16 बाय 16 ठिपक्यांचे चौकोन पाडून एनकोडर प्रत्येक चौकोन मागच्या-पुढच्या चौकटींत शोधत सुटतो. सापडला, की चित्र पुन्हा लिहायचं नाही, नुसता पत्ता लिहायचा: तोच चौकोन, जरा डावीकडे. सोफ्यामागचा पडदा हलत नाही, तो जवळपास फुकटात जातो. अक्षतेचा दाणा मात्र शेजारच्या दाण्याला विचारून पडत नाही. वाऱ्याने केळीच्या पानाच्या चिंध्या झालेल्या असतात, प्रत्येक चिंधी आपल्या तालात हलते, आणि ड्रोनच्या एका चौकटीत अशी किती पानं असतील! तिथे पत्ता सापडत नाही.

पत्ता लिहूनही जो फरक उरतो, त्याचं गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी अमेरिकेत मांडलं. त्यासाठी त्यांनी 1972 साली अनुदान मागितलं होतं, ते नाकारलं गेलं. तरी काम थांबलं नाही. 1974 साली टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध छापून आला. या गणिताने चौकोनातला ठळक भाग आणि बारीक तपशील वेगळे होतात. मग बारीक तपशील किती भरड करायचा एवढंच ठरवायचं राहतं. एच.264मध्ये त्यासाठी 0 ते 51 असे आकडे आहेत. आकडा सहाने वाढवला की भरडपणा दुप्पट होतो. चेहऱ्यावर उमटणारे चौकोन हे त्या भरडण्याचं फळ.

चौकोनाचा शोध किती लांबवर घ्यायचा, हा खरा खर्चाचा मुद्दा. एक्स264 या प्रसिद्ध मोफत एनकोडरमध्ये वेगाच्या पायऱ्याच ठेवल्या आहेत, ‘अल्ट्राफास्ट’पासून ‘व्हेरीस्लो’पर्यंत. खालच्या पायऱ्यांवर थोडा वेळ वाढवला तर फायदा घसघशीत असतो. वरच्या पायऱ्यांवर वेळ कित्येक पट लागतो आणि बचत चिमूटभर. त्याही पलीकडच्या, सगळ्यात संथ पायरीला कर्त्यांनी नाव दिलंय ‘प्लासिबो’, म्हणजे ज्यात औषध नाही अशी गोळी. प्रोग्रामरांचा विनोद सहसा मला कळत नाही, हा कळला.

खानदेशात व्हीसीडी आली तेव्हा असं काही निवडायची सोय फारशी नव्हती. 1993च्या त्या मानकात सगळं बांधलेलं: 352 गुणिले 288 ठिपके, चित्रासाठी सेकंदाला 1150 किलोबिट, एका चकतीवर 74 मिनिटं. व्हीएचएस कॅसेटवरचं लग्न तिच्यात घालताना आडव्या ओळी निम्म्या गळायच्या. शिवाय कॅसेटवरच्या मुंग्या! त्या प्रत्येक चौकटीत नव्या, म्हणजे तुटपुंजे बिट आधी त्यांनी खायचे, उरलेले वऱ्हाडाला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या चकतीत मामांचा चेहरा ओळखू येत नसेल, तर त्याचं कारण हे.

आजचा मिक्सिंगवाला यातून व्यवहारी वाट काढतो. दाट तिथी असली की रात्री मशीन रेंडरला लावून झोपायचं आणि सकाळी दुसरं लग्न वाट पाहत असतं. एकाच लग्नाला दोन रात्री देणं त्याला परवडत नाही. म्हणून तो प्रोसेसरमधल्या किंवा ग्राफिक्स कार्डातल्या तयार एनकोडरकडून काम उरकतो. तो वेगवान, पण शोध उथळ. तेवढ्याच आकारात चित्र थोडं कमी प्रतीचं. ती तूट भरून काढायला फाइल मोठी ठेवली जाते, कारण पेनड्राइव्ह स्वस्त आहे आणि रात्र महाग. एच.265 हे 2013चं मानक निम्म्या जागेत जवळपास तेवढंच चित्र देतं. पण गिऱ्हाइकाच्या घरातल्या जुन्या टीव्हीने ते वाजवलं नाही तर फोन येतो, म्हणून तो त्या वाटेला जात नाही. त्यात फॅट32 पद्धतीच्या पेनड्राइव्हवर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. लग्नाचे ‘पार्ट 1’, ‘पार्ट 2’ पडतात ते त्यामुळे. हळद आणि सप्तपदी यांची वाटणी कलेच्या विचाराने झालेली नसते. वेळ आणि जागेचा हा हिशेब मला कामचुकारपणाचा वाटत नाही.

सावदेकरांना हा हिशेब केळीत पाठ आहे. जवळच्या बाजारात माल घडासकट जातो; परदेशी जायचा माल फण्या काढून, धुऊन, खोक्यात बसवून जातो. दांड्याचं भाडं किती अंतर भरायचं, त्यावर मजुरी ठरते. फाइलचंही तसंच. लग्नाची फाइल घरचे चार वेळा बघतात. अहिराणी गाणं यूट्यूबवर लाखो वेळा वाजतं आणि प्रत्येक वेळी डेटा नव्याने जातो. तिथे एकदा केलेली जादा मेहनत लाखो वेळा वसूल होते. पण यूट्यूबवर मिनिटाला पाचशे तासांहून जास्त चित्रण येतं, सगळ्यावर तेवढी मेहनत गूगललाही परवडेना. शेवटी त्यांनी या एकाच कामासाठी स्वतःची चिप बनवली आणि 2021 साली जाहीर केली. सर्व्हरवरच्या आधीच्या पद्धतीपेक्षा ती 20 ते 33 पट काटकसरी असल्याचा त्यांचा दावा आहे.

फाइल दुसऱ्यांदा दाबली की मात्र कुठलाच हिशेब उरत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा दाबली जाते. आधीच भरडलेलं पुन्हा भरडलं जातं आणि गेलेला तपशील कुठल्याही सॉफ्टवेअरला खरोखर परत आणता येत नाही. नात्यात पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि पुढच्या लग्नाचा बयाणा देताना अल्बमच्या पानांची घासाघीस जरा कमी करा. त्याऐवजी कॅमेऱ्यातल्या मूळ फायली एका हार्ड डिस्कवर मागून घ्या, डिस्कचे पैसे वेगळे द्या.