ट्रॅक्टरची ताकद आणि ट्रॉलीचे ओझे

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. हंगामाबाहेरही वाळू, विटा, कडबा, खत अशा नाना वस्तूंची ने-आण ट्रॅक्टरच करीत असतो. तो किती ओझे ओढील, याचे उत्तर बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यात शोधले जाते. परंतु अश्वशक्तीवरून ओझे किती वेगाने ओढता येईल एवढेच कळते. ओढता येईल की नाही हे मागील चाकांच्या पकडीवर, आणि थांबवता येईल की नाही हे ब्रेकवर अवलंबून असते. जे ओढता येते ते थांबवताही येते, ही समजूत घातक आहे.

जोराचा हिशेब

समजा, ट्रॅक्टरचे वजन २ टन असून त्यातील १.३ टन मागील चाकांवर आहे. चारचाकी ट्रॉली व तिच्यातील माल मिळून १० टन, म्हणजे एकूण गाडा १२ टनांचा झाला. सपाट डांबरी रस्त्यावर तो चालता ठेवण्यास वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे २४० किलोचा जोर पुरतो. वीस मीटरला एक मीटर चढ असेल तर आणखी ६०० किलो लागतात, एकूण ८४०. कोरड्या डांबरावर मागील चाकांची पकड त्यांच्यावरील वजनाच्या सुमारे ७० टक्के धरली, तर ती ९१० किलो भरते. म्हणजे हा चढ जेमतेम चढता येतो.

आता उताराकडे पाहू. ट्रॅक्टरचे ब्रेक सामान्यतः मागील दोन चाकांवरच चालतात. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर सारा गाडा याच ९१० किलोच्या पकडीवर थांबवावा लागतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा एकटा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यापासून सुमारे ३ मीटरांत थांबेल. भरलेल्या ट्रॉलीसह त्याला सपाट रस्त्यावरही सुमारे १६ मीटर लागतील. दहा मीटरला एक मीटर उतार असेल तर गाड्याला खाली ओढणारा जोर १,२०० किलो होतो. त्यातून चाकांचा २४० किलोचा अवरोध वजा केला तरी ९६० उरतात. पकड मात्र ९१० ची! अशा उतारावर ब्रेक पूर्ण दाबूनही गाडा थांबणार नाही. रस्ता ओला वा चिखलाचा असेल तर ही पकड निम्म्यावर येऊ शकते.

धुरजड आणि उलाळ

बैलगाडी हाकणाऱ्यास धुरजड व उलाळ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. दुचाकी ट्रॉलीलाही तोच नियम लागू आहे. माल पुढे अधिक झाला तर जोडणीवर भार येतो. ही जोडणी मागील आसाच्या अर्धा मीटर मागे आणि दोन्ही आसांतील अंतर २ मीटर असेल, तर तिच्यावरील १ टन भार पुढील चाकांवरचे २५० किलो वजन उचलून घेतो. चढावर ही चाके आणखी हलकी होतात व सुकाणू निरुपयोगी ठरते. याउलट माल मागे अधिक झाला तर ट्रॉली जोडणी वर उचलते, मागील चाकांची पकड घटते आणि ट्रॉली हेलकावे खाऊ लागते. सेमी-ट्रेलरची जोडणी ओढणाऱ्या मोटारीच्या मागील आसाच्या जवळजवळ वरच बसविलेली असते, त्यामुळे तिचा भार पुढील चाकांना उचलत नाही. ट्रॅक्टरला ही सोय नाही. पुढे दगड वा वजने बांधल्याने सुकाणू सुधारेल; ब्रेक सुधारणार नाहीत.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण वजनापेक्षा अधिक वजनाचे वाहन चालविता येत नाही. या वजनात रिकाम्या वाहनाचे वजनही धरलेले असते. तो आकडा म्हणजे मालाचे वजन नव्हे. २०१९ च्या सुधारणेनुसार कलम १९४ खाली २० हजार रुपये दंड व प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च अशी तरतूद आहे. केवळ चालकच नव्हे, तर असे वाहन चालवावयास लावणारा वा चालवू देणाराही जबाबदार धरला जातो.

गावपातळीवर काय करता येईल

ट्रॉली घेताना तिला स्वतंत्र ब्रेक आहेत की नाहीत, हे प्रथम पाहावे. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर एकत्र अडकवूनच ठेवावेत. नाहीतर एकच चाक धरले जाऊन गाडा आडवा होण्याचा धोका असतो. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडा सोडणे म्हणजे इंजिनाचा अवरोध हातचा घालविणे होय. जोडणीची पिन व सुरक्षा साखळी रोज तपासावी आणि ट्रॉलीच्या मागे परावर्तक लावावेत.

ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील तीव्र उतारांवर सूचनाफलक लावण्यासाठी रस्त्याची देखभाल करणाऱ्या कार्यालयाकडे ठराव पाठवावा. शिक्षकांना वरील हिशेब उतरणीचा पाठ म्हणून वर्गात सोडवून घेता येईल. कारखान्याच्या काट्यावर मिळणारी पावती ही केवळ पैशाची पावती नसून गाड्याच्या सुरक्षिततेचा दाखला आहे. त्या पावतीवरील भरलेल्या गाड्याचे वजन नोंदणी प्रमाणपत्रांतील आकड्यांशी ताडून पाहण्याची सवय लागली, तर एक खेप वाढेल, परंतु ट्रॅक्टरवर बसलेला चालक आणि समोरून येणारा पादचारी दोघेही सुखरूप घरी पोहोचतील.